ग्रामीण बांधकाम परवानगीची ऐतिहासिक वाटचाल : नवापूर व बोईसर-तारापूर किनारपट्टीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

घर बांधणे ही माणसाची मूलभूत गरज आहे. आधुनिक काळात मात्र ती एक प्रशासकीय घटनाही झाली आहे. शहरातील बांधकाम परवानगीच्या इतिहासावर पुष्कळ लेखन झाले आहे. मुंबई, पुणे यांसारख्या नगरांतील नगररचना, सुधार योजना व इमारत नियमावली हे अभ्यासकांचे परिचित विषय आहेत. त्या तुलनेत खेड्यातील माणूस घर बांधण्यासाठी कोणाकडे अर्ज करीत आला, तो अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला आणि या स्थित्यंतराचा ग्रामजीवनावर काय परिणाम झाला, या प्रश्नांकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

पालघर जिल्ह्याच्या पालघर तालुक्यातील नवापूर हे समुद्रकाठचे गाव या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरते. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस तारापूर औद्योगिक क्षेत्र व बोईसरची वाढती वस्ती आणि उत्तरेस तारापूर अणुऊर्जा केंद्र, अशा परिसरात हे गाव वसलेले आहे. महसूल कायदा, ग्रामपंचायत कायदा, नगररचना कायदा, औद्योगिक विकास कायदा आणि सागरी किनारा नियमन या पाचही व्यवस्था या पट्ट्यात एकमेकींच्या शेजारी वा एकमेकींवर पसरलेल्या दिसतात. प्रस्तुत निबंधात या व्यवस्थांचा कालक्रमानुसार आढावा घेऊन त्यांच्या आंतरसंबंधांची चिकित्सा केली आहे.

काळी, पांढरी आणि वसाहतकालीन महसूल व्यवस्था

मराठी मुलखातील पारंपरिक गावाचे दोन भाग मानले जात. पिकाची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. पांढरीतील घरठाण गावच्या संमतीने, पाटलाच्या देखरेखीखाली मिळत असे. घर कोठे बांधावे हा प्रश्न जात, वतन आणि गावकीतील स्थान यांच्याशी जोडलेला होता. त्यामुळे या व्यवस्थेत समता होती असे म्हणता येणार नाही. तथापि, निर्णय गावातच होत असे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

काळी-पांढरीची ही विभागणी मुख्यतः देशावरील एकवट वस्तीच्या गावांना लागू पडणारी होती. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर वस्तीचे स्वरूप वेगळे होते. वाड्या, आळ्या, पाडे आणि समुद्रकाठची मच्छीमार वस्ती अशा विखुरलेल्या गटांनी मिळून एक महसुली गाव बनत असे. मांगेला, कोळी, भंडारी, वाडवळ, वारली इत्यादी समाजांच्या वस्त्या आपापल्या उपजीविकेच्या जागेलगत वाढल्या. मासे सुकविण्याची जागा, होड्या ओढून ठेवण्याची जागा आणि राहते घर यांत मच्छीमारांच्या दृष्टीने काटेकोर सीमारेषा नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे जिल्ह्यात महसुली मोजणी झाली. आजचा पालघर तालुका त्या वेळी माहीम या नावाने ओळखला जात असे. मोजणीचा हेतू शेतसारा ठरविणे हा होता. त्यामुळे लागवडीच्या जमिनीची नोंद बारकाईने झाली, तर वस्तीच्या जागेला 'गावठाण' म्हणून एक हद्द आखून देण्यात आली. गावठाणातील प्रत्येक घराचा स्वतंत्र अभिलेख तयार करण्याची निकड त्या व्यवस्थेला वाटली नाही. हद्दीबाहेर राहिलेल्या वाड्या-पाड्यांचे स्थान तर अधिकच अनिश्चित राहिले. पुढील काळातील अनेक अडचणींचे मूळ या अपुऱ्या नोंदीत आढळते.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने या व्यवस्थेला पक्के कायदेशीर रूप दिले. त्यातील कलम ६५ नुसार शेतजमिनीचा धारक शेतीस उपयुक्त अशा इमारती बांधू शकत असे, परंतु जमीन अन्य कारणासाठी वापरावयाची असल्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक होती. विनापरवानगी वापर केल्यास कलम ६६ अन्वये दंड व निष्कासन यांची तरतूद होती. घर मजबूत आहे काय, त्यात हवा-उजेड पुरेसा आहे काय, हे प्रश्न या कलमांच्या केंद्रस्थानी नव्हते. जमिनीचा वापर बदलला की आकारणी बदलावी, हा त्यामागील मुख्य विचार होता. ग्रामीण बांधकाम परवानगीचा उगम अशा रीतीने महसुलाच्या गरजेत झाला.

याच कलमात अर्जदाराच्या बाजूची एक महत्त्वाची तरतूद होती. जिल्हाधिकाऱ्याने तीन महिन्यांत निर्णय न कळविल्यास परवानगी दिली असे मानले जाई. अर्जाची लेखी पोच सात दिवसांत दिली असल्यास ही मुदत पोचेच्या दिनांकापासून मोजली जाई. वसाहतकालीन शासनानेही कार्यालयाच्या मौनाची किंमत रयतेने मोजू नये, हे तत्त्व निदान कागदावर मान्य केले होते.

स्वातंत्र्योत्तर दशक : एका घराचे अनेक अधिकारी

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत ग्रामीण जमिनीसंबंधीचे कायदे झपाट्याने झाले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या हस्तांतरावर निर्बंध आणले. १९४८ च्या कूळकायद्यातील कलम ६३ ने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकण्यावर बंधन घातले. कसणाऱ्याच्या हाती जमीन राहावी हा या कायद्यांचा हेतू उदात्त होता. परंतु घरापुरती दोन-तीन गुंठे जागा सरळ मार्गाने विकत घेणे त्यामुळे कठीण झाले, हेही नमूद केले पाहिजे.

मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम ५२ ने गावाच्या हद्दीत इमारत बांधण्यापूर्वी पंचायतीची परवानगी घेणे बंधनकारक केले. ठराविक मुदतीत पंचायतीने उत्तर न दिल्यास परवानगी गृहीत धरण्याची तरतूद येथेही होती. नकार दिल्यास कारणे कळविणे आवश्यक होते आणि त्याविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येत असे. गावच्या वस्तीचा निर्णय गावानेच करावा, हा जुना विचार लोकशाहीच्या नव्या रूपात परत आला, असे या तरतुदीचे वर्णन करता येईल.

तथापि, काही वर्षांतच दुसरे दोन कायदे आले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. त्यातील कलम १८ नुसार प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातील जमीनवापराच्या बदलावर जिल्हाधिकाऱ्यांचे नियंत्रण आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. संहितेने १८७९ च्या अधिनियमातील अकृषिक परवानगीची कल्पना कलम ४२ ते ४५ मध्ये पुढे चालविली. अर्जावर ९० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे समजण्याची तरतूदही कलम ४४ मध्ये कायम राहिली. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार कलम १२२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे होता.

या तिन्ही कायद्यांची उद्दिष्टे भिन्न होती. महसूल कायदा जमिनीच्या वापराकडे पाहत होता, पंचायत कायदा गावातील बांधकामाकडे आणि नगररचना कायदा प्रदेशाच्या नियोजनाकडे. पण अर्जदाराच्या दृष्टीने घर एकच होते. ७/१२ व ८अ चे उतारे, फेरफाराची नक्कल, मोजणीचा नकाशा, ग्रामपंचायतीचा ठराव, तलाठ्याचा अहवाल, नगररचना कार्यालयाचा अभिप्राय आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश अशी कागदांची साखळी तयार झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालय ठाणे येथे होते. किनाऱ्यावरील गावातून ठाण्यास जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी अथवा मासेमारी बुडविणे होय. प्रशासकीय अंतर हे केवळ मैलांत मोजता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

जागतिक संदर्भात पाहता हा अनुभव सर्वस्वी वेगळा नाही. इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने जमिनीच्या विकासाचा हक्क प्रत्यक्षात शासनाच्या परवानगीशी जोडला. अमेरिकेत १९२६ साली युक्लिड या गावाच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने जमीनवापराच्या विभागणीला मान्यता दिली. परंतु महाराष्ट्रात नियोजनाचा विचार महसुली परवानगीची जागा घेण्याऐवजी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. जुना अधिकारी गेला नाही आणि नवा मात्र आला, हे येथील व्यवस्थेचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

तारापूर : अणुभट्टी, कारखाने आणि शेजारची गावे

१९६० नंतर या परिसराचे रूप पालटले. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांतील कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. हे संच अनुक्रमे २००६ व २००५ मध्ये कार्यान्वित झाले. अणुकेंद्रांच्या स्थाननिश्चितीच्या निकषांत केंद्राभोवती लोकवस्तीविरहित क्षेत्र आणि त्याबाहेर सुमारे ५ किलोमीटरपर्यंत लोकसंख्यावाढीवर प्रशासकीय नियंत्रण ठेवावयाचे क्षेत्र अशी कल्पना होती. या दुसऱ्या क्षेत्रात नैसर्गिक वाढीस मुभा, पण मोठ्या वस्तीस प्रतिबंध, असे धोरण होते. घरातील मुलगा वेगळा झाला आणि त्याने शेजारी घर बांधले, तर ती नैसर्गिक वाढ. बाहेरून कामगार आले आणि त्यांच्यासाठी चाळ उभी राहिली, तर ती नियंत्रित करावयाची वाढ. कागदावर सोपा वाटणारा हा भेद प्रत्यक्ष गावपातळीवर तपासणे सोपे नव्हते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये स्थापन झालेल्या महामंडळाने तारापूर औद्योगिक क्षेत्र विकसित केले. अशा क्षेत्रात महामंडळ हेच विशेष नियोजन प्राधिकरण असते. तेथे भूखंड आखलेले, रस्ते ठरलेले आणि परवानगी देणारी यंत्रणा एकच. कुंपणाबाहेर मात्र ग्रामपंचायती होत्या. कारखान्यात काम करण्यासाठी राज्यातून व परराज्यांतून आलेल्या मजुरांना राहण्यासाठी जागा हवी होती. ती बोईसर व आसपासच्या गावांनी पुरविली. २०११ च्या जनगणनेत बोईसरची नोंद 'जनगणना नगर' अशी झाली. किमान ५,००० लोकसंख्या, पुरुष कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता, हे त्यासाठीचे निकष होत. म्हणजे जनगणनेच्या लेखी जे नगर होते, त्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे होता.

या विसंगतीचा परिणाम बांधकामांवर झाला. नगराएवढी वाढ सांभाळण्यासाठी आवश्यक असलेला तांत्रिक कर्मचारीवर्ग ग्रामपंचायतीकडे नसतो. दुसरीकडे, घरपट्टी हे पंचायतीच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन असते. घर उभे राहिले की त्याची नोंद कर आकारणीच्या नमुना क्रमांक ८ मध्ये होते. अनेक कुटुंबे या उताऱ्यालाच मालकीचा व परवानगीचा पुरावा समजतात. वस्तुतः कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. ज्या कागदाच्या भरवशावर सामान्य माणूस आयुष्याची पुंजी घरात घालतो, तो कागद वादाच्या प्रसंगी त्याला आधार देत नाही, हे या व्यवस्थेचे दुखरे स्थान आहे.

सागरी किनारा नियमन आणि मच्छीमारांचे घर

१९ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. उच्चतम भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आला. ग्रामीण किनाऱ्याचा बहुतांश भाग ज्या तिसऱ्या वर्गात मोडतो, त्यात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई करण्यात आली. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात मच्छीमार गावे व गावठाणे यांच्या परंपरागत हक्कांच्या मर्यादेत घरे बांधण्यास मुभा होती. त्यासाठी घरांची एकूण संख्या मूळ संख्येच्या दुपटीपेक्षा अधिक नसावी, सर्व मजल्यांचे मिळून बांधीव क्षेत्र भूखंडाच्या ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, उंची ९ मीटरपेक्षा अधिक नसावी व तळमजला आणि वर एक मजला यांपलीकडे इमारत जाऊ नये, अशा अटी होत्या.

किनाऱ्याचे रक्षण करणाऱ्या या नियमांची आवश्यकता नाकारता येत नाही. वाळूचे पट्टे, तिवरे आणि खाड्या यांवरच मासेमारीचे भवितव्य अवलंबून आहे. परंतु अधिसूचनेतील एका शब्दाकडे लक्ष वेधणे गरजेचे आहे. २०० मीटरच्या आत दुरुस्तीला जी मुभा होती, ती 'अधिकृत' बांधकामांना होती. मच्छीमारांची जुनी घरे समुद्राला लागून, बहुधा याच पट्ट्यात. ती कोणत्याही परवानगीच्या कायद्यापूर्वीची, किंवा परवानगी मागण्याची रीत नसतानाची. मोजणीच्या वेळी घरनिहाय अभिलेख झाला नाही, म्हणून कागद नाही. कागद नाही म्हणून घर अधिकृत नाही. आणि अधिकृत नाही म्हणून वादळात उडालेले छप्पर वा खचलेली भिंत नीट करण्यासही नियमाने वाव नाही. एकोणिसाव्या शतकातील नोंदीची उणीव विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा रीतीने नागरिकाच्या माथी आली.

६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत ही अडचण काही अंशी मान्य करण्यात आली. मच्छीमार व आदिवासी यांसह परंपरागत किनारी समाजांची जी घरे १९९१ च्या नियमांनुसार अनुज्ञेय होती, पण ज्यांना औपचारिक मंजुरी घेतलेली नव्हती, ती नियमित करण्याची तरतूद तीत होती. अशा घरांचा व्यापारी वापर होऊ नये आणि ती परंपरागत किनारी समाजाबाहेरील व्यक्तीस विकली जाऊ नयेत, या अटी त्यास होत्या. तसेच १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात, राज्याने किनारी समाजांशी विचारविनिमय करून तयार केलेल्या सर्वंकष योजनेनुसार, त्यांच्या घरांना परवानगी देता येईल असे नमूद करण्यात आले. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे आणखी दोन उपवर्ग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक घनतेच्या भागात निषिद्ध पट्टा ५० मीटर, तर इतरत्र तो २०० मीटर राहिला. म्हणजे दाट वस्तीच्या गावास अधिक सवलत आणि विरळ वस्तीच्या गावास कमी, असा हा क्रम आहे.

नवापूरच्या संदर्भात एक विरोधाभास उल्लेखनीय आहे. तारापूर औद्योगिक क्षेत्रातील सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी नवापूर येथे समुद्रात सोडण्यात आली आहे. या परिसरातील प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. एकाच किनाऱ्यावर उद्योगाच्या गरजेला परवानगीचा मार्ग उपलब्ध झाला. त्याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला मात्र स्वतःच्या घराचे अस्तित्व कागदोपत्री सिद्ध करावे लागते. परवानगीची व्यवस्था तटस्थ असते, हे गृहीतक तपासून पाहण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

मौनाचा अर्थ आणि सुधारणांचा टप्पा

१८७९ पासूनच्या कायद्यांत 'मानीव परवानगी'चे तत्त्व सातत्याने आढळते. परंतु त्याचा व्यवहारातील उपयोग मर्यादित राहिला. अर्जात त्रुटी दाखविली की मुदत पुन्हा सुरू होते. पोच दिली नाही तर मुदत केव्हा सुरू झाली हेच सिद्ध करणे अवघड जाते. शिवाय एका कायद्याखाली मानीव परवानगी मिळाली, तरी दुसऱ्या कायद्याखालची परवानगी मिळाली असे होत नाही. ग्रामपंचायतीचे मौन म्हणजे किनारा नियमन यंत्रणेची संमती नव्हे. बँका तर मानीव परवानगीवर गृहकर्ज देण्यास सहसा तयार होत नाहीत. कायद्याने दिलेला हा दिलासा कागदाअभावी कमकुवत ठरतो.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सुधारणांचा नवा टप्पा सुरू झाला. महसूल संहितेत २०१४ पासून अकृषिक परवानगीची अट टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेली. २०१७ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ४२ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, काही अटींवर, निवासी अकृषिक वापरात रूपांतरित झाल्याचे मानले गेले. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्या आधारे २०२१ मध्ये ग्रामीण भागातील १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी आवश्यक कागदपत्रे व शुल्क भरल्याची पावती पुरेशी मानण्याचे आणि ३०० चौरस मीटरपर्यंत नगररचनाकाराच्या परवानगीची आवश्यकता नसल्याचे धोरण जाहीर झाले. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. मूळ महसुली मोजणीत राहून गेलेले काम दीडशे वर्षांनी पूर्ण करण्याचा हा प्रयत्न आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

मात्र या सर्व सवलतींचा केंद्रबिंदू 'गावठाण' हाच आहे. २०० मीटरचे अंतर मोजावयाचे ते गावठाणाच्या हद्दीपासून आणि मिळकत पत्रिका द्यावयाची तीही प्रामुख्याने गावठाणातील घरास. ज्या किनारी वाड्या व पाडे मूळ हद्दीतच आले नाहीत, त्यांना या सुधारणांचा लाभ कितपत मिळतो, हा प्रश्न उरतोच. हद्द आखणाऱ्याने वस्ती पाहिली होती की केवळ शेत पाहिले होते, यावर आजच्या कुटुंबाचा हक्क अवलंबून राहतो.

येथे आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्याच्या डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवास आली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा तडाखा या किनाऱ्यास बसला. अशा प्रदेशात बांधकामावर देखरेख नसावी, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु परवानगीच्या दीर्घ साखळीत जमीन कोणाची, वापर कोणता, अंतर किती, शुल्क किती, हे प्रश्न अग्रक्रमाने विचारले जातात. भिंत धक्का सोसेल काय, छप्पर वाऱ्याला टिकेल काय, हे प्रश्न शेवटी येतात आणि पुष्कळदा येतच नाहीत. महसुलातून जन्मलेली परवानगी सुरक्षिततेची परवानगी होऊ शकली नाही, हे तिच्या इतिहासाचेच फलित आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ग्रामीण बांधकाम परवानगीचा उगम नियोजनात नसून महसुली आकारणीत आहे. १८७९ च्या अधिनियमातील ही दृष्टी १९६६ च्या संहितेतही टिकून राहिली.

२) प्रत्येक नव्या कायद्याने नवा मंजुरी-अधिकारी निर्माण केला, पण जुन्याचे कार्यक्षेत्र त्या प्रमाणात कमी केले नाही. त्यामुळे उत्तरदायित्व विभागले गेले आणि अर्जदाराचा भार वाढला.

३) देशावरील एकवट गावाच्या नमुन्यावर बेतलेली गावठाणाची संकल्पना उत्तर कोकणच्या विखुरलेल्या किनारी वस्तीस अपुरी पडते. नवापूरसारख्या गावांच्या अडचणींचे हे मुख्य ऐतिहासिक कारण आहे.

४) मानीव परवानगीचे तत्त्व दीर्घकाळ टिकले असले, तरी अनेक कायद्यांच्या परस्परव्याप्तीमुळे ते निष्प्रभ ठरले.

५) २०१४ नंतरच्या सुधारणांचा लाभ किनारी कुटुंबांपर्यंत पोहोचावयाचा असेल, तर मच्छीमार वस्त्यांची हद्दनिश्चिती व घरनिहाय अभिलेख ही पूर्वअट होय.

परवानगीचा अर्ज हा नागरिक आणि शासन यांच्यातील एक साधा संवाद आहे. नागरिक विचारतो, 'येथे घर बांधू काय?' त्याला 'होय' किंवा 'नाही' असे सकारण उत्तर ठराविक मुदतीत मिळावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. या संवादात गेल्या दीडशे वर्षांत उत्तर देणारे वाढत गेले, पण संपूर्ण उत्तराची जबाबदारी घेणारा कोणी राहिला नाही. ती जबाबदारी एका ठिकाणी, आणि शक्य तो गावाच्या जवळ, निश्चित करणे हेच पुढील सुधारणेचे सूत्र असावयास हवे.